पाच पळ्या पाणी

"रितं भांडं आभाळापुढं ठेवू न्हाई, शिवा. रित्याला रितंच राहायची सवय लागते."

गुरम्माचा हा आवाज ऐकून पन्नासावर वर्षं झाली असतील. उदगीरच्या पलीकडं, जिथं बायका निम्मं कानडी आणि निम्मं मराठी बोलतात अशा गावात, पहाटेच्या जात्यावर बसून अव्वा हे लेकीला सांगायची. सांगून भागायचं नाही, म्हणून पुन्हा ओवीत घालून म्हणायची:

रिता हंडा दारी, नको ठेवूस गं बाई,
मेघराजा पाहुणा, भरल्या घरी येई.

त्या घरात पाण्याचे कितीही हाल असोत, घागर कधी तळापर्यंत उपसली नाही. घोटभर पाणी तिच्यात राहायचंच. अंगणात परात विसरली, तांब्या विसरला, तरी अव्वा आत येताना त्यात चार थेंब टाकूनच यायची. शिवम्मा लग्न होऊन चाकूर तालुक्यातल्या मादळवाडीला आली तेव्हा बरोबर फार काही नव्हतं. गळ्यातलं लिंग, पूजेचा तांब्या, तांब्याची पळी आणि ही एक सवय.

आणि नशीब बघा. तिच्या नवऱ्याच्या वाट्याला कामच आलं ते एक भांडं रितं ठेवण्याचं.

महादेवाच्या देवळामागं, झाडांच्या सावलीपासून लांब, तारेच्या कुंपणात ते भांडं सत्तावीस वर्षं आभाळाकडं तोंड करून उभं होतं. वर पसरट नरसाळं, आत बाटली, बाजूला कुलूप. रोज सकाळी साडेआठला रामलिंगप्पा कुलूप काढायचे, बाटलीतलं पाणी काचेच्या मापट्यात ओतायचे, गुडघ्यावर बसून डोळा पाण्याच्या रेषेला लावायचे आणि आकडा वहीत उतरवून फोनवर कळवायचे. सगळ्या महसूल सर्कलचा पाऊस त्या एका भांड्यात पडायचा, असं म्हटलं तरी चालेल. वीस-बावीस गावांना कागदावर ओलं ठरवायचं की कोरडं, ते या भांड्यावरून ठरायचं.

"पाणी काचेला कडेनं चढतं, मधी बसतं," आप्पा कुणालाही समजावून सांगायचे. "बसलेलं वाचायचं. चढलेलं न्हाई."

त्या बुधवारी सकाळी उज्वला स्कूटीवरून आली. चाकूरच्या कचेरीतली कृषी सहायक पोर, सव्वीस-सत्तावीसची, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, खांद्याला पिशवी. आप्पांचं आणि तिचं भांडणाचं नातं होतं. म्हणजे लेकीसारखं.

"आप्पा, उद्या झेंडावंदन. परवा हे भांडं काढून न्यायचं," ती म्हणाली. "शाळंमागं खांब उभा केला नं, तो आता दर दहा मिन्टाला सोताच मोजतो, सोताच पाठवतो."

"पाठवतो. पण सांगतो का कुणाला?"

"म्हंजी?"

"मी मोजला की पारावरचे इचारायचे, आप्पा, किती? मी सांगायचो. मंग ते म्हनायचे, कुटं एवढा पडला, आमच्या तिकडं न्हाई. मंग भांडायचं. खांबाशी कोन भांडनार?"

"मोबाइलवर दिसतंय की सगळं."

"मंग मोबाइलाशी भांडा म्हनावं."

उज्वला हसत हसत कुंपणाबाहेरच्या पट्ट्यात उतरली. सोयाबीन मांडीला लागत होतं. तिनं पिशवीतून यंत्र काढलं, त्याच्या लांब सुया मातीत रोवल्या आणि पडद्याकडं बघून म्हणाली, "सव्वीस टक्के ओल."

आप्पांनी शेजारीच खुरप्यानं वीतभर खोल उकरलं. मूठभर काळी माती घेतली, दाबली, लाडू झाला. लाडू खाली टाकला. तो फुटला, पण भुगा झाला नाही.

"वाफसा हाय," ते म्हणाले.

"टक्क्यात सांगा, आप्पा."

"टक्के तू सांग. मी एवढंच सांगतो, आज रानात कोळपं धरायला हरकत न्हाई."

शिवम्मा चहा घेऊन आली तेव्हा दोघं देवळाच्या ओट्यावर बसली होती. उज्वलाच्या मांडीवर जुन्या वह्यांचा गठ्ठा होता. भांड्याबरोबर त्याही जमा व्हायच्या होत्या. पानं उलटता उलटता ती एका ठिकाणी थांबली.

"हितं काय झालतं? पान पार पातळ झालंय. पल्याडचं दिसून राहिलं."

शिवम्माला न बघताच पान कळलं. नऊ वर्षांमागचा चोवीस ऑगस्ट. श्रावणी सोमवार. त्या आकड्यावरून आप्पांचं बोट इतक्यांदा फिरलं होतं की शाई फिकी झाली होती, पण आकडा गेला नव्हता. तीन पूर्णांक एक.

"ती माझ्या डोळ्याची चूक हाय," आप्पा म्हणाले. "त्या दिवशी शेजारच्या सर्कलला साठ पॉइंट पडला. म्हंजी शून्य पूर्णांक सहा. मी तीन पूर्णांक एक लिवला. रान उकरून बगितलं तर दोन बोटं बी ओल न्हाई. पण तंवर कळवून झालतं. अन् पाणी वतून दिलतं. वतलेलं पाणी पुन्हा मोजता येत न्हाई, पोरी."

"मंग काय झालं त्यानं? अडीच मिलिमीटरचाच फरक."

"अडीचच्या वर गेला की तो पावसाचा दिस धरतेत. दुष्काळ धरायला सलग एकवीस कोरडे दिस मोजायचे होते. तो एकोनिसावा होता."

उज्वला शिकलेली पोर, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. एकोणिसाव्या दिवशी कागदावर पाऊस पडला आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. शेजारच्या सर्कलला कोरडं धरलं, तिकडं जनावरांची छावणी लागली, चारा आला. मादळवाडीचं सर्कल ओलं राहिलं. कागदावर ओलं, रानात भेगा. भेगा अशा की त्यात बैलाचा खूर जावा.

"उद्या ग्रामसभेत उभा ऱ्हानार हाय मी," आप्पा म्हणाले. "सांगनार, चूक माझी होती. अन् वही जमा करायच्या आदी त्या पानावर लिवून देनार, वाचनाऱ्याची चूक. खाली सही."

"आप्पा, कशाला आता? नऊ वर्षं झाली. कोन इचारून राहिलंय?"

"जो इचारत न्हाई, तोच लई इचारतो."

शिवम्माच्या हातातला कप बशीवर वाजला. आप्पांनी वर पाहिलं. "चटका बसला का गं?"

"हाव," ती म्हणाली, आणि ओट्यावर कप ठेवून माघारी वळली.

चटकाच तो. नऊ वर्षं बसतच होता.

त्या साली पेरणीनंतर आभाळानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. श्रावण लागला तरी ऊन वैशाखातलं. आप्पा रोज साडेआठला कुलूप काढायचे, बाटली उलटी करायचे आणि वहीत लिहायचे, निरंक. तो शब्द लिहिताना त्यांचा हात जड व्हायचा. घरी येऊन न बोलता भाकरी खायचे. अर्धी ठेवायचे. शिवम्मा बघायची. अठरा वर्षं तिनं त्या भांड्यापासून आपला हात मागं ठेवला होता. भांडं नवं नवं बसवलं तेव्हा एकदा तिनं विचारलंही होतं, याच्यात थोडं पाणी घालून ठेवू का? आप्पा हसले होते. "याला रितंच ठेवायचं असतंय, शिवम्मा. हे मागत न्हाई. हे नुसतं बगतंय."

पण त्या श्रावणी सोमवारी पहाटे ती महादेवाला पाणी घालून देवळामागून निघाली आणि धुळीत थेंबांचे वण दिसले. पाच-पन्नास थेंब. रात्री कधीतरी आभाळ जाता जाता शिंकलं असावं. नरसाळ्याला हात लावला तर ओलसर. ओलसर, आणि रितं. तिला वाटलं, मेघराजा दारापर्यंत येऊन गेला. भांडं रितं बघून गेला. अव्वाचा आवाज असा कानाशी आला की जात्याची घरघरही ऐकू यावी.

तांब्यात तीर्थाचं पाणी उरलं होतं. तिनं पळी घेतली. न. मः. शि. वा. य. एकेका अक्षराला एकेक पळी. पाच पळ्या पाणी नरसाळ्यातून आत गेलं, आवाजही झाला नाही. मागणं काही केलं नाही तिनं. नुसतं म्हणाली, "आता भरलं घर हाय. ये."

साडेआठला आप्पांनी मापटं डोळ्याशी धरलं आणि ओरडले. खरंच ओरडले. "शिवम्मा! तीन पूर्णांक एक! येतोय गं, येतोय!" एकोणीस दिवसांनी त्या तोंडावर हसू आलं होतं. तिला वाटलं, सांगावं. मग वाटलं, एवढं हसू बाटलीत परत कसं घालू? पाच पळ्यांनी कुणाचं काय वाईट होतंय? दिवस मोजले जातायत हे तिला कुठं ठाऊक होतं. पाऊस मोजतात एवढं ठाऊक होतं. पाऊस न पडणंही मोजतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कळलं ते दहा दिवसांनी. सटवाजी अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा.

सटवाजी म्हणजे आप्पांचा जीव. बांधाला बांध, जन्माला जन्म. रोज साडेआठला तो भांड्यापाशी हजर असायचा, तंबाखू मळत, थट्टा करत; त्या सोमवारी सकाळी तेवढा यायचा राहिला होता. "काय रामल्या, देव आज मुतला का न्हाई?" आप्पांना रामल्या म्हणणारा गावात तो एकटाच. त्या दिवशी मात्र तो बसला नाही.

"माझ्या अंगणातली धूळ बी बसली न्हाई त्या राती," तो म्हणाला. "अन् तू तीन लिवला. त्या तिनापायी आपली छावणी गेली. कुणी सांगितलं तुला लिवायला?"

"कुनी न्हाई. मापट्यात दिसलं ते लिवलं."

"मापट्यात दिसलं. अन् रानात काय दिसलं न्हाई तुला? डोळे हायत का गारगोट्या?"

"सटवा, तुझी शप्पथ..."

"माझी कामून? तुझ्या लिंगाची घे."

आप्पांचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला आणि तिथंच थांबला. खरं सांगायचं तर त्यांना तेव्हाच स्वतःच्या डोळ्याची शंका आली होती. खोटी शपथ होईल की काय या भीतीनं ते गप्प राहिले. सटवाजीनं त्या गप्प बसण्याचा वेगळा अर्थ घेतला. वळला आणि गेला.

आणि शिवम्मा? ती दाराआड उभी होती. हातात पीठ होतं. तेव्हा चार पावलं टाकली असती तर झालं असतं. चार पावलं. पण सटवाजीचा आवाज चढलेला, अंगणात माणसं गोळा झालेली. उद्या सांगू, घरात सांगू, असं म्हणून ती पिठाकडं वळली. दुसऱ्या दिवशी सटवाजीची बैलजोडी हाळीच्या बाजाराला विकायला निघाली. तारामती, त्याची बायको, वेशीपर्यंत बैलांच्या मागं रडत गेली. ती जोडी गेल्यावर शिवम्माच्या तोंडातून शब्द कसा निघणार? आधी भीती होती, मग लाज आली, मग वर्ष गेलं. दिवस गेले की गोष्ट विरते म्हणतात. ही विरली नाही, दगडासारखी तळाला जाऊन बसली. दळणकांडण करताना तिची तिलाच एक ओवी सुचली होती, जी तिनं कधी मोठ्यानं म्हटली नाही:

मापाचं पाणी बाई, मापाच्या काचंत,
न मोजलं पाणी माझं, काळजाच्या खाचंत.

गावानं आप्पांना नाव ठेवलं, कागदावर पाऊस पाडणारा. पोरंसोरं म्हणायची, आप्पा, आमच्या परीक्षेचे मार्क बी पाडा की वाईच. ते आप्पांनी सोसलं. सोसवलं नाही ते दुसरंच. नांदेडला जाऊन त्यांनी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. आप्पा म्हणाले, मंग तुमचं मशीन बिघडलं असंल. त्या दिवसापासून ते मापटं एकट्यानं वाचेनात. रोज साडेआठला हाक यायची, "शिवम्मा, तू वाच. माझा भरवसा न्हाई." ती गुडघ्यावर बसायची. बसलेलं वाचायची, चढलेलं नाही. सांगायची, चार पूर्णांक दोन. सांगायची, निरंक. आणि ते तिच्याकडं बघून म्हणायचे, "बरं झालं बाई तू हायेस. तुझा डोळा खरा."

नऊ वर्षं रोज सकाळी हे ऐकायचं. याहून मोठी शिक्षा कुठल्या कोर्टात असेल?

बुधवारी संध्याकाळी दिवस मावळायच्या आत शिवम्मा तारामतीकडं गेली. सटवाजीला जाऊन वरीस झालं होतं. त्याच्या माघारी तारामती एकटीच त्या घरात राहत होती. ती सुपात तूर निवडत होती. शिवम्मा न सांगता समोर बसली आणि सुपाच्या दुसऱ्या कडेनं खडे काढू लागली. दोघींमध्ये बोलणं तुटलं नव्हतं. बायकांचं पाण्यावर, जात्यावर येणं-जाणं राहतंच. पण नऊ वर्षांत तारामतीनं कधी ओट्यावर पाट टाकला नव्हता.

"तुमचे मालक उद्या सभेत उभं ऱ्हानार म्हनं," तारामती म्हणाली.

"कोन सांगितलं?"

"गाव हाय बाई हे. हितं सुई पडली तर वेशीवर वाजती." तिनं एक खडा अंगणात भिरकावला. "त्यास्नी म्हनावं, नका उभं राहू. म्हाताऱ्या मानसाला हसतील लोकं."

"चूक झाली म्हनून सांगनार हायेत."

"चूक?" तारामती हसली, पण ते हसू कोरडं होतं. "चुकीला कोन रागावतं, शिवाबाई? आमचं मानूस चुकीला रागवायचं न्हाई. मीठ जास्त झालं तर दुसरं कालवण मागायचं, ताट ढकलायचं न्हाई. त्यास्नी वाटलं ते येगळंच. रामल्या खोटं बोलला. तो डाग हुता."

शिवम्माची बोटं सुपातच थांबली.

"शेवटी लई बेजार हुते," तारामती सांगू लागली, कुणाला सांगतेय हे विसरल्यागत. "आषाढात राती पाऊस लागला. पत्र्यावर असा वाजला की कान बधिर. सकाळी डोळं उघडून मला म्हनले, जा, रामल्याला इचारून ये, किती झाला. मी म्हटलं, जाते. पायात चप्पल घातली. तंवर म्हनले, ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे?"

"म्हनले, ऱ्हाऊ दे. तो खरं सांगायचा न्हाई."

अंगणात एक कोंबडी आली, खडा टोचून बघितला आणि निघून गेली. शिवम्माचं तोंड उघडलं. जिभेवर शब्द आलेही. पण समोर तारामती होती, आणि तिच्या शेजारी सटवाजीचा रिकामा पाट होता. या पाटावरच्या माणसाला आता कितीही खरं सांगितलं तरी पोचणार नव्हतं. आणि शिवम्माला कळलं की पहिल्यांदा सांगायचं ते तारामतीला नाही. जिथं दगड टाकला, तिथूनच उचलला पाहिजे.

"जाते, तारा," ती उठली.

"च्या घेऊन जा."

नऊ वर्षांनी आलेलं ते बोलावणं. शिवम्मा दारात थांबली. "उद्या येते," ती म्हणाली. "उद्या तू देशील का न्हाई बघू."

तारामतीला त्याचा अर्थ लागला नाही.

पंधरा ऑगस्टला आप्पा पहाटेच उठले. इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी, कपाळाला विभूती. शाळेत झेंडा झाला, पोरांनी गाणी म्हटली, आणि आठ वाजून गेल्यावर ते देवळामागं आले. सभा नऊला होती. आजची वही आणि ती जुनी वही काखेत होती. तिच्यात पेनही अडकवलेलं. शेवटचं मोजणं म्हणून त्यांनी कुंपणातलं गवतही उपटून काढलं होतं.

शिवम्मा देवाला पाणी घालून आली. एका हातात तांब्या, एका हातात पळी.

आप्पांनी कुलूप काढलं. बाटली उलटी केली. थेंब पडला नाही.

"निरंक," ते म्हणाले, आणि लिहिलं. मग ओट्यावर बसून त्यांनी जुनी वही उघडली, ते पातळ झालेलं पान काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं. "आता हे लिवून टाकतो. मंग सभेला मोकळा." बराच वेळ त्या आकड्याकडं बघून ते हळूच म्हणाले, "सटवा असता तर त्याच्या पुढंच लिवलं असतं गं. म्हटलं असतं, बग, खोटं न्हाई बोललो, नुसता आंधळा हुतो. हसला असता. आंधळ्या म्हनला असता. तेवढंच पायजे हुतं मला."

"थांबा," शिवम्मा म्हणाली. "लिवू नका. अजून मोजायचं हाय."

"काय मोजायचं? झालं की मोजून."

"बाटली परत ठिवा."

तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, आप्पांनी काही न विचारता बाटली जागेवर ठेवली, वर नरसाळं बसवलं. शिवम्मा पुढं झाली. तांब्यात पळी बुडवली.

न. पळी नरसाळ्यात रिकामी झाली.

"अगं... हे काय करून राहिलीस?"

मः. शि. वा. थेंब बाहेर सांडला नाही. नऊ वर्षांपूर्वीही सांडला नव्हता.

य.

"काढा बाटली," ती म्हणाली. "वता मापट्यात."

"शिवम्मा, सभेला उशीर..."

"वता."

आप्पांनी ओतलं. काचेत पाणी हेलकावलं आणि स्थिर झालं. सवयीनं त्यांनी मापटं तिच्यापुढं धरलं. "वाच."

"मी न्हाई. आज तुमी वाचा."

"माझा भरवसा..."

"तुमचा डोळा खरा हाय. बसा खाली. बसलेलं वाचा, चढलेलं नको."

आप्पा गुडघ्यावर बसले. मापटं ओट्यावर ठेवून डोळा पाण्याच्या रेषेला आणला. टोपी मागं सरली होती. उघड्या कपाळावर विभूतीच्या तीन रेघांच्या खाली घामाची चौथी रेघ उमटली. ते वाचत राहिले. एवढ्या थोड्या पाण्याला एवढा वेळ कशाला लागावा? पण ते वाचतच राहिले.

"दोन," ते म्हणाले. "दोन पूर्णांक... पाच."

शाळेवरचा भोंगा खरखरला. कुणीतरी सभेला यायला सांगत होतं, तारामतीच्या गल्लीचं नाव घेऊन सांगत होतं. आप्पांनी ऐकलं नाही. त्यांचे ओठ हलत होते. शेजारच्या सर्कलचं साठ पॉइंट, आणि हे अडीच. शाळेत चौथीपर्यंतच गेलेले, पण सत्तावीस वर्षं पूर्णांकाची बेरीज करत आलेले. बेरीज तोंडात तयार झाली आणि तोंडातच अडकली. त्यांनी हळूहळू मान वर केली आणि बायकोच्या हातातल्या पळीकडं पाहिलं.

पळीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. शिवम्मानं तो पडू दिला. मग ती त्यांच्यासमोर, त्यांच्याच उंचीला, गुडघ्यावर बसली.

"त्या सोमवारी आभाळातून साठ पॉइंटच पडला," ती म्हणाली. "बाकीचं पाणी मी वतलं हुतं. भांडं रितं बघवंना म्हनून, पहाटं, याच पळीनं. तुमी हसला तवा सांगितलं न्हाई, सटवाजी भावजी अंगणात आले तवा सांगितलं न्हाई, त्यांची तिरडी उचलली तवा बी सांगितलं न्हाई. तुमी खोटं बोलला न्हाई अन् तुमचा डोळा बी चुकला न्हाई. मी हुते ती. सभेत तुमी न्हाई, मी उभी ऱ्हाते."